कुपीतले जीवनसत्त्व

चिरलेल्या वांग्याच्या फोडी हवेत राहिल्या तर थोड्याच वेळात काळवंडतात. म्हणून त्या लगेच पाण्यात टाकण्याची आपल्या घरी रीत आहे. सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळले तर त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात. फळ कापले की त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांतील एक एन्झाइम, म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, हवेतील प्राणवायूच्या साह्याने काळसर रंग तयार करू लागते. लिंबाचा आंबटपणा त्या एन्झाइमला मंद करतो आणि लिंबातील क जीवनसत्त्व रंग बनण्याची क्रिया मागे फिरवते. माणसाच्या त्वचेतही याच कुळातले, तांब्याचा अंश असलेले एक एन्झाइम आहे. टायरोसिनेज हे त्याचे नाव. जपानात त्वचेच्या निगेसाठी जी प्रसाधने तयार होतात, त्यांत क जीवनसत्त्वाला मानाचे स्थान का मिळाले, याचा उलगडा या साम्यावरून होतो. परंतु फोडीवर लिंबू पिळणे जितके सोपे, तितके हे जीवनसत्त्व कुपीत भरून टिकवणे सोपे नाही. ती अडचण कोणती, ती जपानी रसायनज्ञांनी कशी दूर केली आणि अशा कुपीकडून आपण कितपत अपेक्षा करावी, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्वचेच्या रंगाविषयी थोडेसे. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी काही विशिष्ट पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. उन्हातील अतिनील किरण त्वचेवर पडू लागले की या पेशींचे काम वाढते. टायरोसिनेज हे एन्झाइम टायरोसिन या द्रव्यावर प्रक्रिया करते, त्यातून डोपाक्विनोन नावाचे मधले द्रव्य बनते आणि पुढे काही पायऱ्या ओलांडून मेलॅनिन सिद्ध होते. हे रंगद्रव्य म्हणजे शरीराने स्वतःवर धरलेली छत्रीच होय. त्याच्यामुळे पेशींच्या अंतर्भागाचे उन्हापासून रक्षण होते. म्हणून मेलॅनिनला शत्रू मानणे चुकीचे आहे. कधी कधी मात्र उन्हामुळे, वयामुळे किंवा शरीरातील अन्य कारणांमुळे हे द्रव्य एकाच जागी अधिक साठते, आणि चेहऱ्यावर डाग पडतात. क जीवनसत्त्व डोपाक्विनोनला पुन्हा मागच्या पायरीवर नेऊन ठेवते. त्यामुळे मेलॅनिनचे उत्पादन मंदावते. त्याचे कार्य एवढेच, आणि ते एवढेच आहे हे आरंभीच लक्षात घेणे बरे.

येथे कोणी म्हणेल, की मग लिंबूच चेहऱ्याला का चोळू नये? हा उपाय आपल्याकडे पुष्कळ घरांत सांगितला जातो, म्हणून स्पष्ट सांगावयास हवे, की तो करू नये. लिंबाचा रस इतका आंबट असतो की त्याने त्वचेचा दाह होतो. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, अशी काही द्रव्ये असतात की ती त्वचेला लागून वर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड उठतात आणि मागे काळे डाग राहतात. ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवावयास जावे आणि नवे डाग पदरी पडावेत, अशी गत होते.

आता शुद्ध जीवनसत्त्वाकडे वळू. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली प्राण्यांच्या एका ग्रंथीतून आणि वनस्पतींतून एक आम्ल वेगळे काढले. तेच क जीवनसत्त्व होय, हे पुढे चार वर्षांनी निश्चित झाले. या कार्यासाठी त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ साली झुरिक येथे टाडेउश राइखश्टाइन यांनी द्राक्षशर्करेपासून हे जीवनसत्त्व तयार करण्याची रीत शोधली आणि ते कारखान्यात ढिगांनी बनू लागले. अशा रीतीने पुरवठ्याचा प्रश्न सुटला. पण टिकण्याचा सुटला नाही. या जीवनसत्त्वाचा जो मुख्य गुण, तोच त्याचा मुख्य दोष आहे. ते प्राणवायूशी चटकन संयोग पावते, म्हणूनच ते त्वचेत उपयोगी पडते. आणि त्याच कारणाने ते कुपीतही निरुपयोगी होते. पाण्यात विरघळले, की हवा, उजेड, उष्णता आणि लोखंड किंवा तांबे यांचा लेशमात्र अंश यांच्या संगतीने ते झपाट्याने बिघडते. स्वच्छ पाण्यासारखे द्रावण आधी पिवळे, मग नारिंगी, मग तपकिरी होते. त्यातले औषध तोपर्यंत पुष्कळसे संपलेले असते.

दुसरी अडचण त्वचेची आहे. त्वचेच्या अगदी वर मृत पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग एवढीच त्याची जाडी. परंतु पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांना तो सहसा आत येऊ देत नाही. शुद्ध क जीवनसत्त्व त्यातून जावयाचे तर द्रावण चांगलेच आंबट ठेवावे लागते, आणि तसे ठेवले म्हणजे नाजूक त्वचेला ते झोंबते. सौम्य करावे तर ते टिकत नाही आणि आत शिरत नाही. तीव्र करावे तर सोसत नाही. प्रसाधने बनवणारा असा दोन्हीकडून अडलेला असतो.

या पेचातून सुटण्याची एक युक्ती जपानातील ओकायामा शहरात निघाली. तेथे हायाशिबारा नावाचा एक कारखाना होता. १८८३ साली तो सुरू झाला तेव्हा तेथे पिष्टापासून, म्हणजे स्टार्चपासून, गोड पाक बनत असे. जपानी लोक या पाकाला मिझुआमे म्हणतात. आपल्या काकवीसारखा तो दाट, पण रंगाने स्वच्छ असतो. पिष्टाचे रूपांतर शर्करेत करावयाचे तर एन्झाइमे हाताळावी लागतात. त्या विद्येत या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या प्रावीण्य मिळवले. १९९०च्या सुमारास ओकायामा विद्यापीठातील संशोधक आणि हा कारखाना यांच्या सहकार्याने क जीवनसत्त्वाला शर्करेचे कवच चढवण्याची कृती सिद्ध झाली. पाक करणाऱ्या घराण्याची विद्या औषधाच्या कामी आली ती अशी.

ही कृती समजण्यासारखी आहे. जीवनसत्त्वाच्या रेणूवर एक ठराविक जागा अशी असते, की तेथूनच प्राणवायूचा शिरकाव होतो. त्या जागी द्राक्षशर्करेचा एक कण जोडून टाकला तर दाराला कडी घातल्यासारखे होते. हे काम एका एन्झाइमकडून करून घेतात. पिष्टाचे तुकडे आणि क जीवनसत्त्व एकत्र विरघळवून त्यात ते एन्झाइम सोडले, की ते पिष्टातील शर्करा उचलून जीवनसत्त्वाला चिकटवते. मात्र ते नेमका एकच कण चिकटवील असे नाही. कधी दोन, कधी तीन अशी माळच जोडते. म्हणून मागून दुसरे एन्झाइम सोडतात. ते माळेचे जादा मणी तोडून एकच मागे ठेवते. नंतर द्रावण गाळून, शुद्ध करून, त्याचे पांढरे स्फटिक काढतात. या द्रव्याला ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड असे नाव आहे. ते पाण्यात सहज विरघळते आणि साध्या क जीवनसत्त्वाच्या मानाने कितीतरी अधिक काळ टिकते.

मग असे कडीकुलपात ठेवलेले जीवनसत्त्व त्वचेत काम कसे करणार? कवच चढलेले असेपर्यंत ते खरोखरच काही करीत नाही. परंतु आपल्या त्वचेच्या पेशींपाशी शर्करेचा असा कण तोडणारे एन्झाइम निसर्गतःच असते. ते कवच काढते, आणि मोकळे झालेले जीवनसत्त्व जागच्या जागी कामाला लागते. हे काम एकदम न होता हळूहळू होत राहते, हा आणखी एक लाभ. कुपीत कुलूप आणि त्वचेत किल्ली, अशी ही योजना आहे.

कारखान्यात प्रसाधन बनवताना तरीही पुष्कळ काळजी घ्यावी लागते. कवच असले तरी हे द्रव्य मूळचे आम्लच आहे. म्हणून ते पाण्यात विरघळवल्यावर क्षार घालून द्रावणाची आंबटी कमी करतात आणि ती पुढे बदलू नये म्हणून सायट्रेटसारखे स्थिरता राखणारे मीठ घालतात. धातूंचे सूक्ष्म अंश बांधून ठेवणारे एखादे द्रव्यही घालावे लागते. मिश्रण दाट करण्यासाठी जे पदार्थ वापरतात, त्यांपैकी काहींना मिठाचे वावडे असते. मिठाचा अंश वाढला की घट्ट लगदा पातळ पडतो. म्हणून दाटपणा आणणारा पदार्थही पारखून घ्यावा लागतो. या जीवनसत्त्वाचे दुसरे एक रूप जपानात प्रचलित आहे. त्यात शर्करेऐवजी फॉस्फेट जोडलेले असते, आणि मॅग्नेशियमची जोड दिलेली असते. त्याचा स्वभाव उलटा. त्याला आंबटपणा मुळीच मानवत नाही. किंचित क्षारधर्मी द्रावणातच ते सुखाने राहते. एकाच्या कृतीत दुसरे घालून चालत नाही. एकाच जीवनसत्त्वाची ही दोन अपत्ये, पण दोघांची पथ्ये निराळी.

येथपर्यंत रसायनशास्त्र झाले. परंतु यात मला अधिक मोलाची वाटते ती जपानी कायद्याची रचना. आपल्या देशात १९४०च्या कायद्याप्रमाणे एखादे द्रव्य एक तर औषध असते, नाही तर प्रसाधन. जपानच्या कायद्याने या दोहोंच्या मध्ये तिसरा खण ठेवला आहे. त्याला इयाकु-बुगाइहिन म्हणतात; औषधसदृश वस्तू असा त्याचा अर्थ घेता येईल. १९६० साली संमत झालेल्या आणि २०१४ साली नव्या नावाने लागू झालेल्या औषधविषयक कायद्यात हा खण आहे. साधे प्रसाधन असेल तर उत्पादकाने सरकारला कळवून ते बाजारात आणावे. औषधसदृश वस्तूला मात्र सरकारची संमती लागते. त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, ते किती, ते किती काळ टिकते, हे सिद्ध करून द्यावे लागते. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडला या खणात १९९४ साली मान्यता मिळाली. त्याचे नेहमीचे प्रमाण शंभरात दोन भाग इतके असते. आकडा लहान दिसतो, पण तो ठरलेला असतो आणि तपासलेला असतो.

टिकण्याविषयीही तेथे असाच काटेकोरपणा आहे. जी प्रसाधने तीन वर्षांहून अधिक काळ चांगली राहतात, त्यांवर मुदतीची तारीख छापण्याची सक्ती नाही. परंतु क जीवनसत्त्व आणि त्याची काही रूपे ज्यांत आहेत, त्यांचा १९८० सालच्या सरकारी सूचनेत मुद्दाम उल्लेख आहे. ती तीन वर्षे टिकत नसतील तर मुदत छापलीच पाहिजे. जीवनसत्त्वाचा चंचल स्वभाव कायद्यानेही ओळखला आहे, तो असा.

आणि ग्राहकाला सांगावयाचे काय? तेही ठरलेले आहे. मेलॅनिनचे उत्पादन रोखून डाग व तांबूस ठिपके यांना प्रतिबंध करते, अशा आशयाचे एकच मोजके विधान. ते तोलून पाहावे. डाग पडू नयेत म्हणून साह्य करते, एवढेच त्यात म्हटले आहे. असलेले सर्व डाग पुसून जातील, असे म्हटलेले नाही. जन्मतः मिळालेला वर्ण बदलेल, असे तर नाहीच नाही. ज्या द्रव्यावर इतके श्रम झाले, त्याच्याविषयी बोलताना इतका संयम पाळावा लागतो, ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे. जीवनसत्त्वांचा हा उपयोग केवळ क पुरताच राहिलेला नाही. अ जीवनसत्त्वाचे एक रूप, रेटिनॉल, याला २०१७ साली, आणि ब वर्गातील नियासिनामाइडला २०१८ साली सुरकुत्या सौम्य करणारे द्रव्य म्हणून तेथे मान्यता मिळाली. तेथेही विधानाची मर्यादा अशीच आखलेली आहे.

परंतु सरकारी संमती मिळाली म्हणजे चिंता मिटली, असे मात्र कोणी समजू नये. याच औषधसदृश खणात रोडोडेनॉल नावाचे एक द्रव्य २००८ साली मान्य झाले होते. ते जीवनसत्त्व नव्हे. काही झाडांत आढळणाऱ्या एका द्रव्याच्या आधारे ते तयार केलेले होते. डाग रोखणाऱ्या प्रसाधनांत तेही शंभरात दोन भाग घालीत. ते वापरणाऱ्या काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर कोड उठल्यासारखे पांढरे चट्टे दिसू लागले. तक्रारी येत होत्या, पण त्यांचा अर्थ वेळीच लावला गेला नाही. अखेर २०१३ सालच्या मे महिन्यात एका त्वचारोगतज्ज्ञाने कळवल्यावर चक्रे हलली आणि ४ जुलै रोजी कानेबो या कंपनीने आपल्या समूहाची ५४ उत्पादने परत मागवली. चट्टे उठलेल्या व्यक्तींची नोंद १९ हजारांच्या पुढे गेली. पुष्कळांचा रंग वापर थांबवल्यावर हळूहळू परत आला. सर्वांचा आला नाही.

कारण पुढे शोधून निघाले. टायरोसिनेज हे एन्झाइम या द्रव्याला टायरोसिनच समजे आणि त्यावर प्रक्रिया करी. त्यातून जे निर्माण होई ते रंग बनवणाऱ्या पेशींनाच विषारी ठरे. जेथे रंग कमी करावयाचा तेथे रंगाची पेशीच मरे. क जीवनसत्त्वाचा मार्ग असा नाही. ते एन्झाइमला फसवीत नाही. तयार झालेले मधले द्रव्य मागे वळवते. तरीही या घटनेचा बोध सर्वच प्रसाधनांना लागू आहे. त्वचेत शिरून खरोखर काही काम करणारे द्रव्य असेल, तर त्याच्यापासून अपाय होण्याचीही शक्यता असते. ज्यापासून अपाय मुळीच होणार नाही, त्याचा बहुधा उपायही होत नाही. म्हणून काही दिसू लागले की वापर थांबवणे आणि वैद्याला दाखवणे, हा पहिला नियम. आपल्या समाजात पांढऱ्या चट्ट्यांवरून माणसाला, विशेषतः मुलींना, काय सोसावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नियमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

याच ओघात एका शब्दाविषयी बोलले पाहिजे. डाग रोखणाऱ्या या प्रसाधनांना जपानात बिहाकु, म्हणजे सुंदर शुभ्रता, असे म्हणण्याचा प्रघात पडला होता. कायद्यातील विधान डागांपुरते, पण शब्द मात्र वर्णाविषयीचा. काओ या मोठ्या कंपनीने २०२१ साली आपल्या उत्पादनांवरून हा शब्द काढून टाकण्याचे ठरवले. आपल्याकडेही १९७५ सालापासून खपत आलेल्या एका सुप्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द २०२० साली गेला. नावे बदलली हे चांगलेच झाले. पण वधू पाहिजे म्हणून दिलेल्या जाहिरातींतून तो शब्द अजून गेलेला नाही, आणि दुकानदाराकडे कुपी मागणाऱ्या पुष्कळांच्या मनातूनही नाही. शाळेत शिकवताना मला दिसते, की चौदा-पंधरा वर्षांच्या चांगल्या हुशार मुली स्वतःच्या सावळ्या रंगाला उणेपणा समजतात. त्या उणेपणावर कोणत्याही कारखान्यात औषध नाही, कारण तो मुळात आजार नाही.

तेव्हा क जीवनसत्त्वाची कुपी घ्यावयाची झाली, तर काही गोष्टी ध्यानात असाव्यात. आत जीवनसत्त्वाचे कोणते रूप आहे आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे वाचावे. कुपी गडद रंगाची, झाकण घट्ट बसणारे असावे. ती खिडकीत किंवा चुलीजवळ न ठेवता थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. शुद्ध जीवनसत्त्वाचे द्रावण गडद नारिंगी किंवा तपकिरी झाले असेल तर ते टाकून द्यावे. महाग होते म्हणून लावीत बसू नये. प्रथम हातावर थोडेसे लावून पाहावे. भर उन्हात हिंडावयाचे असेल तर छत्री किंवा डोक्यावर पदर हवाच. ऊन टाळले नाही तर एकीकडे भरावे आणि दुसरीकडे सांडावे असे होईल. आणि डाग एकाएकी वाढू लागले, खाजू लागले, किंवा त्यांचा आकार बदलू लागला, तर कुपीच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जावे.

आवळा, पेरू, लिंबू यांतून हे जीवनसत्त्व पोटात जाणे सर्वांनाच आवश्यक आहे. आपले शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. चेहऱ्याला लावावयाचे जीवनसत्त्व मात्र ऐच्छिक आहे. ज्याला हवे त्याने ते जरूर घ्यावे, पण ज्या मोजक्या शब्दांत जपानचा कायदा त्याचे गुण सांगतो, तेवढीच अपेक्षा मनात ठेवून घ्यावे. डाग पडू नयेत म्हणून थोडे साह्य, इतके ते करील. त्याहून अधिक जो कोणी कबूल करीत असेल, तो जीवनसत्त्व विकत नसून आपल्या मनातली उणीव आपल्यालाच विकत आहे, असे खुशाल समजावे.